इतिहासाची कसोटी



आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठीं ‘आपल्या समाजाचा गौरवशाली इतिहास’ या विषयावर लेख लिहून द्यावा, अशी आज्ञा कार्यकारी मंडळानें मला केली. मी कांहीं पदवीधर अथवा संशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला व पस्तीसहून अधिक वर्षें खडू-फळ्याशीं संसार केलेला एक निवृत्त शिक्षक आहें. शाळेंत इतिहास हा विषय बहुधा माझ्याकडेच असे, म्हणून हें काम मजकडे आलें असावें. वडीलधाऱ्या मंडळींचा शब्द मोडवेना, म्हणून मीं होकार दिला.

साधन म्हणून मला दोन जुन्या पुस्तिका देण्यांत आल्या. एकींत आपली उत्पत्ति थेट देवादिकांपासून सांगितली होती. दुसरींत, अमुक एका राजानें आपल्या पूर्वजांस सनद दिली, असें छापलें होतें. परंतु ती सनद कोणाच्या घरीं आहे, कोणत्या सालची आहे, कोणीं वाचली, याचा कोठेंच उल्लेख नव्हता. चार दिवस लेखणी हातांत घेऊन बसलों, पण लेख पुढें सरकेना. आपण हुपरीचीं माणसें. आपल्या गांवाचें नांव चांदीच्या पैंजणांनीं दूरवर पोंचविलें आहे. कोणी जुना दागिना मोडीस आणला, तर त्याच्या चकाकीवर आपण भाव सांगत नाहीं. आधीं टंच पाहतों. मग पूर्वजांच्या नांवानें पुढें आलेली गोष्ट कस न लावतां कशी घ्यावी? म्हणून मंडळाची क्षमा मागून मीं विषय किंचित् बदलला आहे. इतिहास म्हणजे काय, तो लिहिणारे त्याचा अर्थ कसा लावतात, आणि आपण आपल्या घरांत त्याचें काय करतों, एवढेंच येथें यथामति सांगणार आहें.

आरंभ माझ्याच एका चुकीनें करतों. निवृत्तीपूर्वीं कांहीं वर्षांची गोष्ट. फेब्रुवारीचे दिवस होते. शिवजयंतीनिमित्त मीं फळ्यावर ‘१९ फेब्रुवारी १६३०’ असें सुंदर अक्षरांत लिहिलें. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘‘गुरुजी, आमचे आजोबा म्हणतात, महाराजांचा जन्म वैशाखांतला. कोल्हापुरांत मिरवणूकसुद्धां वैशाखांत निघते. मग खरा दिवस कोणता?’’ मीं उत्तर दिलें, ‘‘पुस्तकांत आहे तोच खरा. परीक्षेंत तोच लिही आणि खालीं बैस.’’ मुलगा बसला. त्यानें पुढें वर्षभर मला एकहि प्रश्न विचारला नाहीं. त्याचा प्रश्न योग्य होता आणि माझें उत्तर अयोग्य होतें. तें उत्तर आज, या वयांत, येथें दुरुस्त करतों.

वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, ही तिथि बखरींतून आली. त्यांतील चिटणीस बखर ही महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिली गेली. दुसरी साधनें हातीं नव्हतीं, तोंवर हीच तिथि सर्वांनीं मानली. पुढें भोरजवळील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरच्या दप्तरांत एक शकावली मिळाली. शकावली म्हणजे सालवार घडलेल्या गोष्टींची टिपणवही. ती १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्ध केली. तींत महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, असा नोंदला होता. म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०. एका टिपणावर विसंबून शतकांची समजूत कशी सोडावी, असा आक्षेप निघाला, आणि तो रास्तच होता. पण पुढें तंजावरास कवींद्र परमानंदाचा ‘शिवभारत’ हा ग्रंथ सांपडला व १९२७ सालीं छापला गेला. परमानंद हा महाराजांचा समकालीन. त्यानेंहि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, हीच तिथि दिली होती. जोधपुराकडे सांपडलेल्या महाराजांच्या कुंडलीनेंहि तिलाच दुजोरा दिला. मावळांतील देशमुखांचा वाडा, तंजावरचें ग्रंथालय आणि राजस्थानांतील ज्योतिष्यांचें दप्तर या तिन्ही ठिकाणांचा एकमेकांशीं संबंध नसतां तिन्हींची साक्ष जुळली. इतिहासांत एखादी गोष्ट पक्की होते, ती अशी.

तरीहि वाद लगेच मिटला नाहीं. १९६६ सालीं महाराष्ट्र शासनानें इतिहासज्ञांची समिति नेमली. तींत एकमत झालें नाहीं. १९ फेब्रुवारी ही तारीख शासनमान्य होण्यास विसावें शतक सरावें लागलें. आमच्या कोल्हापुरांत मात्र वैशाखांतील पारंपरिक शिवजयंती आजहि थाटानें होते, आणि त्यांत कांहीं वावगें नाहीं. उत्सव परंपरेनें चालतो, तिथि पुराव्यानें ठरते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढें जरी मीं त्या मुलास सांगितलें असतें, तरी इतिहासाचा निम्मा अभ्यासक्रम त्या तासांत पुरा झाला असता.

या हकिकतींतील एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. हा निकाल लावणारा पहिला कागद राजवाड्यांतून अथवा सरकारी कचेरींतून आला नाहीं. तो एका कुटुंबानें पिढ्यान् पिढ्या सांभाळलेल्या दप्तरांतून आला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे बावीस खंड काढले. त्यांतील पहिला खंड १८९८ सालीं निघाला, तोहि वाई येथें एका घरांत मिळालेल्या पत्रांवरून. पुढें हयातभर ते गांवोगांव फिरून लोकांच्या माळ्यावरचे, फडताळांतले रुमाल सोडवीत राहिले. मराठ्यांचा इतिहास घराघरांतून गोळा झाला आहे.

कागद मिळाला म्हणजे काम संपलें, असें मात्र नव्हे. कागदहि खोटें बोलतो, अर्धें बोलतो, क्वचित् रागानें बोलतो. म्हणून कोणताहि कागद हातीं आला कीं तीन प्रश्न विचारावे: हें कोणीं लिहिलें? घडल्यानंतर किती काळानें लिहिलें? आणि कशासाठीं लिहिलें?

छत्रपति संभाजी महाराजांचें उदाहरण घ्या. आमच्या वडिलांच्या पिढीनें नाटकांतून पाहिलेले संभाजी महाराज म्हणजे व्यसनी व उतावळे राजपुत्र. या चित्राचा बराच भाग मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरींतून आलेला आहे. आतां वरील तीन प्रश्न विचारूं. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लिहिली गेली, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं. लिहिणारे कोण? बाळाजी आवजी चिटणीस यांचे वंशज. आणि या बाळाजी आवजींना १६८१ सालीं कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांनींच देहान्त शासन दिलें होतें. ज्या घरानें हें सोसलें, त्या घरची लेखणी त्या राजाविषयीं कशी चालेल, हें सांगावयास नको. म्हणून बखरींतील सारेंच खोटें, असें ठरत नाहीं. पण तिचा शब्द दुसऱ्या साक्षीवांचून घेतां येत नाहीं. वा. सी. बेंद्रे यांनीं अनेक वर्षें देशोदेशींचीं कागदपत्रें चाळून १९६० सालीं संभाजी महाराजांचें चरित्र प्रसिद्ध केलें, तेव्हां नऊ वर्षें मोगलांशीं झुंजणारा, संस्कृत जाणणारा, ‘बुधभूषण’ हा ग्रंथ रचणारा राजा महाराष्ट्रास नव्यानें दिसला. हें काम भावनेनें झालें नाहीं, श्रमानें झालें.

येथें एक सावधगिरीहि सांगतों. निंदेला जो कस लावावयाचा, तोच स्तुतीलाहि लावला पाहिजे. आपल्याला न आवडणारा कागद असला म्हणजे आपण पुरावा मागतों आणि आवडणारा असला म्हणजे लगेच चौकटींत बसवून भिंतीवर टांगतों. गिऱ्हाइकाच्या चांदीला एक तराजू आणि आपल्या चांदीला दुसरा, असें जो सोनार करतो, त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा कोणी चढत नाहीं.

कधीं कधीं कागद खरे असतात, घटना दोन्ही पक्षांना मान्य असतात, आणि तरीहि अर्थ निराळा लागतो. आपल्या करवीर राज्याच्या संस्थापिका महाराणी ताराबाई यांचेंच पाहा. १७०० सालीं राजाराम महाराज निवर्तले. त्यानंतर सात वर्षें या बाईनें राज्य सांभाळलें व औरंगजेबाशीं लढा चालू ठेविला. १७०७ सालीं बादशहा वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून आले, आणि गादीचा तंटा लागला. शेवटीं १७३१ सालीं वारणेच्या तहानें सातारा व कोल्हापूर या दोन राज्यांची वांटणी कायम झाली. या घटनांविषयीं वाद नाहीं. परंतु साताऱ्याच्या बाजूनें पाहणारा म्हणतो, ‘बाईंच्या महत्त्वाकांक्षेनें राज्य दुभंगलें.’ कोल्हापूरच्या बाजूनें पाहणारा म्हणतो, ‘बाई नसत्या तर दुभंगावयास राज्यच उरलें नसतें.’ मराठ्यांचा पहिला मोठा इंग्रजी इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ हा साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी होता. त्याच्यापुढें कोणते कागद सहज आले असतील, याचा विचार करावा. पुढें शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरु डॉ. आप्पासाहेब पवार यांनीं ‘ताराबाईकालीन कागदपत्रें’ संपादून खंडशः प्रसिद्ध केलीं, आणि मग दुसऱ्या बाजूलाहि आधार मिळाला. शिक्षकानें अशा वेळीं काय करावें? कोल्हापूरचा म्हणून कोल्हापूरची बाजू पाठ करून घेऊं नये. दोन्ही बाजू मुलांपुढें ठेवाव्या, कोणत्या बाजूस कोणता कागद आहे तें दाखवावें, आणि मग मुलांना विचारूं द्यावें. मीं सेवेंत असतांना हें फार थोड्या वेळां केलें. अभ्यासक्रम संपविण्याची घाई हें एक कारण. प्रश्नांना उत्तर न आल्यास मान जाईल, ही भीति हें खरें कारण.

आतां जातीच्या इतिहासाकडे वळतों, कारण ही स्मरणिका जातीच्या मंडळाची आहे. राजवाड्यांचें ऋण सर्व महाराष्ट्रानें मानलें. पण तेहि माणूसच होते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभु समाजाविषयीं त्यांनीं केलेलें लेखन त्या समाजास अन्यायाचें वाटलें. त्या वेळीं केशव सीताराम ठाकरे, म्हणजेच प्रबोधनकार, यांनीं १९१८ सालीं ‘कोदंडाचा टणत्कार’ हें पुस्तक लिहून राजवाड्यांना जाहीर उत्तर दिलें. त्यांची भाषा तिखट होती, यांत शंका नाहीं. परंतु ते केवळ रागावून थांबले नाहींत. जातीजातींतील तंट्यांच्या इतिहासाचा त्यांनीं अभ्यास केला आणि ‘ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास’ लिहिला. यांतून आपण दोन गोष्टी घ्याव्या. मोठ्या इतिहासकारासहि त्याचे ग्रह चिकटलेले असतात, म्हणून त्याचें नांव हा पुरावा नव्हे. आणि आपल्यावर अन्याय झाला असें वाटल्यास त्याचें उत्तर ग्रंथानें द्यावें. त्यासाठीं घरांत कागद असावे लागतात.

आणि येथेंच मला माझ्या घरची गोष्ट सांगणें भाग आहे.

आमचें जुनें मातीचें घर पाडून स्लॅबचें बांधलें, तेव्हां माळ्यावर लाल फडक्यांत बांधलेल्या चोपड्यांचीं चार गांठोडीं निघालीं. अक्षर मोडी. मला मोडी येत नव्हती. मी इतिहासाचा शिक्षक. दुसऱ्या दिवशीं वर्गांत साधनांचें महत्त्व शिकविणारा! पण त्या दिवशीं गवंडी खोळंबले होते, जागा नव्हती, आणि ‘लक्ष्मीपूजनाच्या चोपड्या रद्दींत घालूं नयेत’ असें घरांतून सांगण्यांत आलें. मीं स्वतः त्या सायकलला बांधून नेल्या आणि पंचगंगेंत सोडल्या. नमस्कारहि केला. कोणत्या गांवचें गिऱ्हाईक, काय मजुरी, दुष्काळांत कोणीं कोणता दागिना मोडला, कोणत्या लग्नांत कोणता घडविला, हें सारें आमच्या पूर्वजांनीं रोजच्या रोज लिहून ठेविलें होतें. समाजाचा इतिहास तो हाच, आणि तो मीं माझ्या हातानें पाण्यांत सोडला.

एक कागद तेवढा वांचला. आजोबांच्या कसोटीच्या दगडाभोंवतीं तो गुंडाळलेला होता. पुष्कळ वर्षांनीं, निवृत्तीनंतर, कोल्हापुरांतील एका मोडी जाणकारांकडून मीं तो वाचून घेतला. तो कर्जरोखा निघाला. कार्तिक मास, शके १८४० रोजीं माझ्या पणजोबांनीं ऐरण, हातोड्या, पकडी, ठसे, तराजू अशीं सारीं हत्यारें गहाण ठेवून पन्नास रुपये घेतले होते. देणारे गृहस्थ आपल्या समाजाचे नव्हते. आमच्याच गल्लींतील, दुसऱ्या समाजाचे शेतकरी होते.

आमच्या घरांत या पणजोबांचें नांव कधीं आदरानें घेतलें जात नसे. ‘हत्यारें गहाण टाकणारा’ अशी त्यांची ओळख. उधळेपणानें घर बुडविलें, असें मीहि लहानपणापासून ऐकत आलों. कागद वाचल्यावर प्रथम वाटलें, ऐकलें तें खरेंच होतें. पण मुलांना शिकविलेले तीन प्रश्न आतां स्वतःस विचारले. केव्हां? कार्तिक, शके १८४०; म्हणजे १९१८ चा नोव्हेंबर. ती तर मानमोडीची साथ! त्या इन्फ्ल्यूएंझानें एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें गेलीं, आणि त्याच वर्षीं पाऊसहि दगा देऊन गेला होता. मी माझ्या थोरल्या आत्याकडे गेलों. नव्वदीच्या घरांतील ती माउली म्हणाली, ‘‘बाळ, मानमोडीच्या साली आपल्या घरातनं पंधरा दिवसांत तिघं गेली. हे आमच्या आईनं सांगितलेलं.’’ तिघांचीं औषधें, तिघांचीं दिवसकार्यें, आणि बाजार बंद. दागिना घडविण्यास कोण येणार?

कागदाच्या पाठीवर दुसऱ्या शाईंत एक ओळ होती. ती प्रथम आम्ही पाहिलीच नव्हती. ‘शके १८४२, मुद्दल व व्याज पावलें, हत्यारें परत दिलीं,’ असा तिचा आशय. खालीं सावकाराची निशाणी. दोन वर्षांत पणजोबांनीं सारें कर्ज फेडलें होतें. हत्यारांवांचून त्यांनीं दोन वर्षें काय केलें असेल? आत्याच्या आठवणींत, ते दुसऱ्याच्या पेढीवर रोजंदारीनें बसत. ज्याला तीन पिढ्यांनीं उधळ्या म्हटलें, तो माणूस परक्याच्या ऐरणीवर राबून आपली ऐरण सोडवून आणीत होता.

हा कागद स्मरणिकेंत छापूं नये, असें आमच्या कुटुंबांतील कांहींचें मत पडलें. ‘कर्जाची गोष्ट चारचौघांत कशाला? शिवाय घेतलें तें दुसऱ्या जातीच्या माणसाकडून.’ मीं नम्रपणें सांगितलें, पणजोबांवरचा कलंक याच कागदानें धुतला आहे. तो लपविला तर ते पुन्हा उधळेच राहतील. आणि शेजारच्या ज्या गृहस्थांनीं त्या भयंकर वर्षीं पन्नास रुपये काढून दिले, त्यांना वगळून आमच्या घराचा इतिहास लिहितांच येत नाहीं. कोणत्याहि जातीचा इतिहास एकट्या जातीचा नसतो.

म्हणून मंडळास व सर्व कुटुंबांस माझी विनंति आहे.

घरांत मोडी अथवा जुन्या देवनागरी अक्षरांतील कोणताहि कागद असेल, तर तो नदींत सोडूं नये, रद्दींत घालूं नये व जाळूं नये. त्याला डिंक, चिकटपट्टी लावूं नये. प्लॅस्टिकमध्यें पक्का बंद करूं नये. कोरड्या सुती फडक्यांत ठेवावा. तरुणांनीं आपल्या मोबाइलवर त्याच्या दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें. पाठीवरची ओळ विसरूं नये. तो कोणाच्या घरीं, कोठें, केव्हां मिळाला, हें वेगळ्या कागदावर लिहून जोडावें. घरांतील वृद्धांच्या आठवणी, सांगणाऱ्याचें नांव व दिवस घालून, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्या. त्या पुढच्या वर्षीं मिळतीलच, असें नाहीं. समाजांतील दोन-चार मुलांनीं मोडी शिकावी. मंडळाच्या शिष्यवृत्तींपैकीं एक या कामासाठीं राखून ठेवावी. आणि पुढील स्मरणिकेंत उत्पत्तीची कथा पुन्हा छापण्याऐवजीं कोणत्याहि एका घरचा एक खरा कागद, त्याच्या देवनागरी वाचनासह, छापावा. तो कर्जाचा असला तरी चालेल.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचें पुढें काय झालें, मला ठाऊक नाहीं. आतां तो संसारी झाला असेल. कदाचित् ही स्मरणिका त्याच्याहि घरीं जाईल. त्याला एवढेंच सांगावयाचें आहे: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. आतां तुझा मुलगा तुला असें कांहीं विचारील, तर त्याला खालीं बसवूं नकोस.

मंडळाच्या कार्यास सुयश चिंतून लेखणी आवरती घेतों.

— एक निवृत्त शिक्षक, हुपरी